चौदा पत्रे, मूठभर कोंडा

“फाडायचाच होता तर आधी तोंडानं ‘नको’ म्हणायचं होतंत, आक्का! माणसाच्या डोळ्यांदेखत चेक टराटरा फाडायचा? ही कुठली रीत?”

“माझी.”

“आणि वरचा मजला कोण बांधणार? तुमची रीत?”

एकदा एका बाजारपेठेच्या गावी, शिशुगृहाच्या कचेरीत, ऐन दुपारी हे भांडण पेटले होते. भांडणाऱ्या दोघी. एक वृद्धा, जिने टाकून दिलेली बाळे उचलून त्यांना घरे मिळवून देण्यात बेचाळीस वर्षे घालवली होती. सारा गाव तिला आक्का म्हणे. दुसरी तिची शिष्या. समाजकार्याची पदवी घेऊन आलेली, तीन वर्षे आक्कांच्या हाताखाली शिकलेली, आणि आता गुरूला सुनावण्याइतकी तयार झालेली. शिष्य असा तयार व्हावाच लागतो. नुसती मान डोलावणारा शिष्य काय कामाचा?

समोरच्या बाकावर एक भुसार व्यापारी बसला होता. अंगठ्यांनी भरलेले हात मांडीवर, आणि पायाशी फाटलेल्या चेकचे तुकडे. शेजारी त्याची पत्नी. तिच्या कुशीत सव्वा वर्षाची मैना, मंगळसूत्राचे मणी एकेक करून तोंडात घालून पाहत होती.

आता प्रकार नीट समजून घ्या, नाहीतर आक्कांना उगाच तिरसट म्हणाल. दत्तक देताना शुल्क घेणे हा गुन्हा नव्हे. बाळाला दूध लागते, औषध लागते, डॉक्टर लागतो, उशाशी बसणारी आया लागते, कागदपत्रे करावी लागतात. त्या खर्चापोटी सरकारने रक्कम ठरवून दिली आहे. ती उघडपणे भरायची आणि पावती घ्यायची. मात्र दत्तक घेणाऱ्याकडून त्यावर काहीही घ्यायला मनाई आहे. रोख नाही, वस्तू नाही, आणि देणगी हे गोंडस नाव देऊनही नाही. व्यापाऱ्याने शुल्क भरले होते. पावती टेबलावर होती. रीतसर रांगेत नंबर लागला होता, कागद पूर्ण झाले होते, आज पोर घरी न्यायची होती. आणि उठता उठता त्याने खिशातून तो चेक काढला होता. संस्थेला एक अख्खा मजला बांधून होईल एवढ्या रकमेचा.

“कायदा मलाही पाठ आहे,” शिष्या म्हणाली. “तो लाच रोखायला केलाय. यांनी रांग मोडली का? नाही. अमकीच पोर द्या म्हणून अडून बसले का? नाही. सगळं ठरल्यावर आपल्या खुशीनं देतायत. सहा पाळण्यांत अकरा बाळं निजतात, आक्का! काल एकाचं नख दुसऱ्याच्या डोळ्याला लागलं. तुमच्या ताठ्याची किंमत ती बाळं मोजतात.”

हा घाव वर्मी बसला. आक्का व्यापाऱ्याकडे वळल्या.

“शेट, खुशीनंच द्यायचंय ना? मग दुसऱ्या गावच्या एखाद्या शिशुगृहाला द्या. तिथंही बाळं आहेत. तिथलं बाळ तुम्ही नेत नाही, तेव्हा आड येणारं काही नाही.”

“तिथं कशाला?” व्यापारी चटकन म्हणाला. “पोर तर मी इथून नेतोय.”

“ऐकलंस?” आक्का शिष्येला म्हणाल्या.

शिष्येने ऐकले होते, पण हार मानायची तिची तयारी नव्हती. तेवढ्यात व्यापाऱ्यानेच सारा डाव उधळला. तो उठून उभा राहिला आणि खाली पाहत म्हणाला, “तुम्ही घेणार नसाल तर पोर मला नेता येणार नाही.”

डोक्यावरचे पत्रे उन्हाने तापून तडतडत होते.

“अहो!” त्याची पत्नी म्हणाली. तिने मैनाला इतके घट्ट धरले की मैना कुरकुरली.

“नाही नेता येणार,” तो पुन्हा म्हणाला. “फुकट आणलेलं पोर आमच्या घरी टिकत नाही.”

शिष्येचा चेहरा उतरला. ती आक्कांच्या कानाशी येऊन म्हणाली, “झालं समाधान? सव्वा वर्षानं पोरीला घर मिळत होतं. ते तुमच्यापायी जाणार.”

आक्कांनाही तीच भीती वाटत होती. ज्याने भीती वाटू नये इतके शहाणपण मिळवले आहे असा वृद्ध मी तरी पाहिलेला नाही. त्यांनी हाताने व्यापाऱ्याला बसायची खूण केली.

“शेट, कागदांवर तुमचं नाव मी वाचलंय. कोंडिबा. मग दुकानाच्या पाटीवर, पोत्यांवर, गाडीवर नुसतं के. आर. कशापायी?”

“शाळेत चिडवायची पोरं. कोंड्या, कोंड्या म्हणून.”

“ठेवलं कुणी हे नाव?”

पत्नीने सांगितले. “सासूबाईंची चार गेली, आक्का. एकही बारशापर्यंत पोचलं नाही. मग हे झाले. तेव्हा कुणीतरी सांगितलं, पोर शेजारणीच्या ओटीत घाला आणि मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घ्या. म्हणजे यमाला वाटेल, हे काही या बाईचं नव्हे, हे विकतचं. तसं केलं. हे जगले. म्हणून कोंडिबा.”

“आणि आमची दोन गेली,” व्यापारी म्हणाला. त्याचा आवाज आता बाजारातला राहिला नव्हता. “त्यांच्यासाठी आम्ही काहीच मोल दिलं नव्हतं. दवाखान्यातून आणली आणि पाळण्यात घातली. मला कळायला नको होतं? मी स्वतः विकत घेतलेला. हिच्यासाठी मला मोल देऊ द्या, आक्का. मोठं मोल देऊ द्या. म्हणजे ही राहील.”

शिष्या खाली पाहू लागली. इतका वेळ तिला वाटत होते की समोर एक श्रीमंत माणूस बसला आहे.

आक्कांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि तिचे टोक छताकडे केले.

“वर बघा.”

सगळ्यांनी वर पाहिले. शिष्येने तर ते छप्पर तीन वर्षे पाहिले होते आणि तीन वर्षे तिला त्याचे कोडे होते. बाळांसाठी सरकारी अनुदानातून सिमेंटची इमारत झाली, लहान का होईना. पण आक्का मात्र या जुन्या खोलीतच राहिल्या. इथेच कचेरी, इथेच त्यांची खाट, इथेच एका माणसापुरता चहा करायची चूल. दुपारी पत्रे तापत, घाम निथळे, पण त्या हलत नसत. शिष्येने मनाशी याला चिक्कूपणा म्हटले होते, कधी हट्ट, तर कधी म्हातारपण.

“चौदा पत्रे आहेत,” आक्का म्हणाल्या. “तुम्ही मोजू नका, मी रोज मोजते. हे छप्पर घालून बत्तीस वर्षं झाली. तेव्हा नियम इतके आवळलेले नव्हते आणि मीही फार शहाणी नव्हते. एक जोडपं मुलगा घेऊन गेलं. भली माणसं. जाताना म्हणाली, आक्का, बाळं कौलाखाली भिजतात, आम्ही छप्पर घालून देतो. खुशीनं. मी हो म्हटलं, वर पेढे वाटले. सव्वीस वर्षांनी तो मुलगा आला. उंच, देखणा. मी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही. म्हणाला, ‘छप्पर कुठंय?’”

मैना काठीच्या टोकाकडे पाहत होती.

“घरी बापाशी भांडण झालं होतं. लग्नावरून की धंद्यावरून, ते मी विचारलं नाही. बाप रागाच्या भरात बोलून गेला, ‘तुझ्यासाठी अख्खं छप्पर घातलंय मी तिथं!’ बाप वाईट नव्हता हो. बोलल्यावर जीभ चावली असेल त्यानं. पण बोल गेला तो गेला. आता तुम्ही बसलाय ना, तिथंच उभा राहून तो पोरगा बोट वर करून मोजत होता. एक, दोन, तीन. चौदा झाले तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘आक्का, एवढ्यालाच का?’ मी म्हटलं, बाळा, तसं नसतं. तर म्हणाला, ‘मग कसं असतं ते सांगा.’”

“काय सांगितलंत?” शिष्येने विचारले. तिचा आवाज मऊ झाला होता.

“काय सांगणार? छप्पर तर डोक्यावर होतं. तो गेला. बापाकडेही परत गेला नाही, असं ऐकलं. दर दिवाळीला मी पत्र टाकते, ते परत येतं. एवढ्या पोरांना मी घरं दिली, त्यांतलं एकही माझं नाही, तशी माझी मागणीही नाही. पण या एकाला मी घर दिलं आणि मीच त्यातून बाहेर काढलं. म्हणून या पत्र्यांखाली दुसऱ्या कुणी राहायचं नाही, मी राहायचं.”

पत्रे पुन्हा तडतडले. कुणीच वर पाहिले नाही.

“शेट,” आक्का टेबलावरच्या पावतीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हा कागद जपून ठेवा आणि मैना मोठी झाली की तिला खुशाल दाखवा. सांगा, तुला दूध पाजायला, तुझा ताप उतरवायला एवढा खर्च आला, तो आम्ही भरला. त्यात तिलाही लाज नाही, तुम्हालाही नाही. पण मजल्याचं काय सांगाल?”

“सांगणारच नाही कधी.”

“तेच म्हणते मी. जे सांगणार नाही म्हणून गिळून ठेवता, तेच रागात पहिलं बाहेर पडतं. ही सोळा वर्षांची होईल. दार आपटेल, तोंडाला तोंड देईल, तुम्ही माझे कोण म्हणेल. पोटची पोरंही म्हणतात. त्या दिवशी हा मजला तुमच्या जिभेवर येईल, शेट. आणि मग ही इथं येऊन विटा मोजत बसेल.”

व्यापाऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग हातांआडूनच म्हणाला, “मला भीती वाटते हो. रिकाम्या हातानं कशी नेऊ हिला?”

यावर कायद्याच्या पुस्तकात उत्तर नव्हते. नाही म्हणणे सोपे असते. नाही म्हटल्यावर समोरच्याचे रिकामे हात पाहत बसणे सोपे नसते. आक्का काही वेळ त्या हातांकडे पाहत राहिल्या. मग शिष्येला म्हणाल्या, “तिकडे बाळांच्या स्वयंपाकघरात जा आणि मूठभर कोंडा घेऊन ये.”

“काय?”

“कोंडा. सकाळी पीठ चाळलंय ना, चाळणीतला.”

“कशाला?”

“आण म्हटलं की आणावा. इतके प्रश्न परीक्षेत सोडवले असतेस तर पहिली आली असतीस.”

शिष्या गेली आणि वाटीत कोंडा घेऊन आली. आक्कांनी वाटी व्यापाऱ्यापुढे धरली. “घ्या मुठीत.”

ज्याच्या वखारीत ज्वारीच्या थप्प्या छताला लागत, त्या माणसाने ती एवढीशी मूठ अशी भरली की जणू एक कण सांडला तर काहीतरी मोडेल. त्याची पत्नी मैनाला घेऊन जवळ सरकली. मैनाने मुठीतला कोंडा बोटाने उकरला आणि बोट तोंडात घातले.

आक्कांनी आपला सुरकुतलेला तळवा त्याच्यापुढे पसरला. “द्या.”

इथे मात्र शिष्येला राहवेना. इतका वेळ आवरलेले सारे एकदम उसळून आले.

“आक्का! शुल्कावर काही म्हणजे काही घ्यायचं नाही, वस्तूसुद्धा नाही, हे तुम्हीच मला घोकून घेतलंत!”

“कोंडा आपलाच आहे, जाणारही अंगणातल्या आपल्याच गाईच्या गव्हाणीत. हवं तर तसं लिहून ठेव.”

“लिहिण्याचा प्रश्न नाही! मजला फाडून टाकता आणि कोंड्याला हात पसरता? तोही मोल, हाही मोल. यांच्या मनात तरी दोन्ही एकच ना? मग फरक काय राहिला, ते सांगा मला. त्या मुलाला सांगता आलं नाही, निदान मला तरी सांगा!”

व्यापाऱ्याची मूठ हवेत तशीच राहिली. त्याने शिष्येकडे पाहिले, मग आक्कांकडे. त्यालाही तेच विचारायचे होते.

आक्कांनी हात मागे घेतला नाही. शिष्येकडे पाहिलेही नाही. मैनाच्या ओठांना चिकटलेला कोंड्याचा एक कण त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटाने हलकेच टिपला आणि व्यापाऱ्याला म्हणाल्या, “रागाच्या भरात कधी तोंडातून निसटलंच, तर ऐकून पोरीला हसू यावं, एवढंच माझ्या हातावर ठेवा.”