चवलीवरचा अंगठा

“यातली माझी कुठली, बाबा?”

पद्माकररावांनी दुसऱ्यांदा विचारलं. हसनशाबाबा काळा दोरा पिळत बसले होते.

पुढ्यात पितळेची वाटी. वाटीत आठ-दहा चवल्या. चांदीची चवली म्हणजे जुन्या काळचे दोन आणे, बोटाच्या नखापेक्षा जरा मोठं नाणं. इथल्या प्रत्येकीला एक भोक.

आमच्या बोरखेडीचा रिवाजच तसा. तान्हं पोर झोपेत दचकायला लागलं की आई त्याला नदीकाठच्या फकिराच्या तक्यावर आणायची. बाबा त्याच्या कमरेला चवली बांधायचे. पोराचे दुधाचे दात पडायला लागले की त्यानं आपल्या हातानं ती वाटीत परत टाकायची. मग ती दुसऱ्या पोराच्या कमरेला. हे कुठल्या फकिरानं सुरू केलं, ते बाबांनाही ठाऊक नव्हतं.

पद्माकरराव मूळचे इथलेच. लहानपणी शहरात गेले, तिकडेच मोठे झाले. आपल्या संग्रहात आहेत तितक्या जुन्या चवल्या जिल्ह्यात कुणाकडे नाहीत, हे त्यांनी आल्या आल्या बाबांना सांगितलं. बाबांच्या हाताखाली मी होतो. पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा मलाही सांगितलं.

“परत टाकायला आईच घेऊन आली होती मला,” ते म्हणाले. “वाटभर रडलो. ती म्हणाली, आता मोठा झालास रे... त्याच वर्षी गेली ती.”

बाबांचा दोरा थांबला.

“कशी होती चवली?”

“राणीछाप. चेहरा कसा ठसठशीत! राणीच्या नाकावर अंगठा ठेवल्याशिवाय मला झोप यायची नाही.”

“मग बघ की.”

पद्माकररावांनी खिशातून बारीक चिमटा काढला, भिंग काढलं. एकेक चवली कडेनं धरून उजेडात नेली. उलटी केली. ठेवली. शेवटची ठेवली आणि भिंग खाली ठेवलं.

“बाबा, एकीलाही चेहरा नाही.”

“नाही.”

“सगळ्या गुळगुळीत. माझी अशी नव्हती हो.”

“नाकावर अंगठा कोण ठेवायचं?”

“मी.”

“रोज?”

“रोज...”

“मग तुझ्यामागून ज्यांना बांधली, त्यांना काय अंगठे नव्हते?”

नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं.

मग पद्माकररावांनी पिशवीतून लाकडी पेटी काढून उघडली. आत लाल मखमल, आणि एकेका चवलीला आपापली खोबण. सगळ्या लखलखीत. जशा टांकसाळीतून निघाल्या तशा.

“ही सगळी पेटी ठेवा. मला फक्त ती एक द्या. माणसाचा हात लागू दिला नाही मी यांना.”

बाबांनी एक चवली उचलली. उन्हात धरली.

“छान आहे. राणीबाई रुसलीय मात्र.”

त्यांनी दोऱ्याचं टोक चवलीला लावलं. टोक घसरलं. पुन्हा लावलं. पुन्हा घसरलं.

“हिला भोकच नाही रे.”

“भोकाचं नाणं आम्ही घेत नाही, बाबा. बिघडलेलं धरतात ते.”

“असं?... तुझी तर भोकाची होती.”

पद्माकररावांनी पेटीकडे पाहिलं.

“किती तरी आल्या माझ्यापुढे,” ते हळूच म्हणाले. “बोटही न लावता परत केल्या.”

एवढ्यात कुंभारांची शेवंता आली. खांद्यावर पोर, डोळे झोपेविना तारवटलेले.

“बाबा, रातभर दचकतंय हो. आपण निजत नाही न् घराला निजू देत नाही.”

“नाव काय?”

“बारसं व्हायचंय अजून. सासू सोन्या म्हणते, सासरा ढोल्या म्हणतो.”

बाबांनी वाटी पद्माकररावांकडे सरकवली.

“तू ओव.”

“मी?”

“मला आता भोक दिसत नाही.”

सकाळीच बाबांनी माझ्या बोटातलं कुसळ सुईनं काढलं होतं.

पद्माकररावांचा हात चिमट्याकडे गेला.

“अगं बाई!” शेवंता म्हणाली. “काका, विंचू नाही तो. हातानं घ्या की.”

त्यांनी चिमटा खाली ठेवला. डोळे मिटले. वाटीत हात घातला. एकेकीवरून अंगठा फिरवू लागले, आंधळा माणूस लेकराचा चेहरा चाचपतो तसा. एकीवर अंगठा थांबला.

तिथंच राहिला.

मूठ मिटली. मला वाटलं, ही आता खिशात जाणार. बाबांनी वर पाहिलंही नाही, दोराच पिळत होते...

पोर दचकलं. कळवळून रडलं.

मूठ उघडली.

पद्माकररावांनी दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, चवली ओवली, पोराच्या कमरेला दोन गाठी मारल्या. पोराचा हात चाचपडत तिथं आला. बोटं मिटली. इवलासा अंगठा चवलीवर एकदा हलला, पुन्हा हलला... मग हलायचा थांबला.

“निजलं की गं बाई,” शेवंता कुजबुजली.

पद्माकरराव त्या मुठीकडे बघत राहिले. आवाज अगदी लहान झाला होता.

“बाबा... ती माझीच होती का हो?”

बाबांनी उरलेला दोरा बोटाभोवती गुंडाळला.

“याचे दात पडले की हा रडत येईल परत करायला. तेव्हा त्याला विचार.”