राणीने शिवलेला बटवा

एका राज्यात उद्या आधी यायचा आणि आज मागाहून. तिथल्या अंशुमान राजापाशी भविष्याचे पत्ते होते. गोल, लाखेने रंगवलेले, तळहाताएवढे. धूम्रकेश नावाच्या जादूगाराने ते रंगवून राजाच्या आजोबांना नजर केले होते. प्रश्न विचारावा, पत्ता उचलावा, उत्तर मिळावे. आणि उत्तर कधी चुकायचे नाही. मग काय विचारता! राजा विचारून जेवायचा, विचारून झोपायचा. प्रजाही मागे राहिली नाही. सासू विचारायची, सून आज उलट बोलेल का? पत्ता म्हणायचा, बोलेल. आणि सासू सकाळपासूनच तोंड फुगवून बसायची. राजवाड्याच्या चौकात रांग लागे, आणि शेत, माग, चूल सगळे खोळंबून राही.

पण पत्त्यांना शाप होता. गड्डीत राजाचा पत्ता कोरा होता. गड्डीच्या मालकाने प्रश्न विचारला की त्याचे काहीतरी निघून त्या कोऱ्या पत्त्यावर जाऊन बसे. आधी अंशुमान राजाचे जोडे गेले. मग शेला गेला. मग मिशा गेल्या, तेव्हा दरबारात कोणी हसले नाही, कारण कोणी हसणार नाही हे पत्त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते. पुढे सावली गेली, आणि मग डावा हात. पत्त्यावर मात्र राजा छान भरत चालला.

पत्ते कोंडून ठेवावेत, तर तेही जमेना. लोखंडाची पेटी गंजून गळाली, चंदनाची वाळवीने खाल्ली, सोन्याचा डबा लोण्यासारखा वितळला. पत्ते आपले पुन्हा राजाच्या उशाशी हजर.

राणीचे नाव मृणालवती. साऱ्या राज्यात तिने एकटीने पत्त्यांना कधी काही विचारले नव्हते. नैवेद्य दाखवण्याआधी ती भाजीचे मीठसुद्धा चाखत नसे. उद्याचा दिवसही तिला तसाच वाटे. देवाच्या आधी आपण कसा चाखायचा? पण नवरा डोळ्यांदेखत चित्र होत चालला, तेव्हा तिच्या घशाखाली घास उतरेना. तिचे त्याच्यावर फार प्रेम होते, मिशा असताना आणि नसतानाही.

एके सकाळी ती बागेत अंजिराखाली रडत बसली. वर एक शिंपीण पक्षीण दोन पाने शिवून घरटे करत होती. ती बोलली, “राणी, रडून पदर भिजतो, फाटलेले सांधले जात नाही. ते पत्ते पेटीत राहायचे नाहीत. बटव्यात झोपतील.”

“राज्यात शिंपी पुष्कळ आहेत. आजच शिवून घेते.”

“ज्याने पत्त्यांना एकदा जरी विचारले, त्याचा प्रत्येक टाका त्यांना आधीच ठाऊक असतो. तो उसवायला त्यांना कितीसा वेळ? ज्याला त्यांनी कधी पाहिले नाही, त्यानेच शिवावा. असे कोण आहे?”

राणीने आपल्या हातांकडे पाहिले. त्या हातांनी कधी साधी गुंडीही लावली नव्हती.

“मी आहे,” ती म्हणाली. “काय आणू?”

“लंबोष्ठी राक्षसिणीकडचा खण आण. शेषविहिरीतला दोरा आण. धूम्रकेशाच्या दाढीचे तीन केस आण, त्यांची नाडी होईल. सुई माझी घे, पण परत दे. माझ्याकडे एकच आहे.”

राणी निघाली. लंबोष्ठी डोंगराच्या कपारीत राही. माणसाचा वास येताच ती गरजली, “कोण आहे? भाजून खाऊ की कच्ची खाऊ?”

“आधी कुंकू लावू द्या,” राणी म्हणाली, “मग ठरवा.”

तिने राक्षसिणीच्या कपाळाला कुंकू लावले आणि तांदूळ-नारळाने तिची ओटी भरली. ओटी खळ्याएवढी, नारळ तिच्यात सुपारीएवढा दिसला. राक्षसीण ढसाढसा रडू लागली.

“येतो तो तलवार घेऊन येतो गं बाई! नारळ घेऊन आजवर कोणी आले नाही. थांब, ओटी भरणारीला रिकामी धाडू नये, एवढे आम्हांलाही कळते.” आणि तिने लाल काठाचा जांभळा खण राणीच्या हाती ठेवला.

शेषविहिरीच्या काठावर शेकडो बेडूक बसले होते. आत दोरा लोंबत होता. विहिरीने विचारले, “किती हवा?”

बेडूक ओरडले, “होईल तितका! होईल तितका!” तेही एकेकाळी दोरा न्यायला आलेली माणसेच होती, हेच उत्तर देऊन बेडूक झालेली. राणीला त्यांची दया आली, पण ती म्हणाली, “एका बटव्यापुरता.”

“तेवढाच मिळेल. तुटला तर दुसरा नाही,” विहीर म्हणाली. दोरा आपोआप वर आला आणि राणीच्या बोटाभोवती गुंडाळला गेला.

राहिला धूम्रकेश. तो काळ्या कड्यावर जांभया देत बसला होता. दाढी कड्यावरून खाली लोंबत होती, तिच्यात घारींची घरटी होती. राणीला पाहून तो सावरून बसला.

“तू कोण? माझ्या पत्त्यांनी तू येणार हे सांगितले नाही.”

“मी त्यांना कधी विचारले नाही. मला आपल्या दाढीचे तीन केस हवेत.”

“देईन. आधी पत्त्यांना एक प्रश्न विचार, इथून विचारलास तरी त्यांना ऐकू जातो. एकच.”

“तो नाही विचारणार,” असे म्हणून राणीने त्याची दाढी धरली आणि तीन केस खस्सकन उपटले.

“आई गं!” जादूगार कळवळला. मग थबकला. मग असा हसू लागला की कडा हलला आणि घारी उडाल्या. “बाई, पत्ते देऊन टाकण्याआधीच मी माझे सगळे उद्या पाहून बसलो आहे. हे दुखणे तेवढे पाहिले नव्हते. किती वर्षांनी काहीतरी नवे घडले! जा, केस ने. आणि ऐक. पत्ते बटव्यात घातल्यावर मालकाने स्वतःच्या हाताने नाडी ओढायची. ओढण्यापूर्वी त्याच्या तोंडून पत्त्यांसाठी एक जरी प्रश्न निघाला, तर तो सबंध पत्त्यावर जाईल. मग मीसुद्धा त्याला काढू शकणार नाही.”

राणी परतली, तेव्हा राजाचा उजवा हात आणि चेहरा तेवढा धड होता, बाकी अंग धुक्यासारखे विरळ झाले होते. राणीने त्याला सगळे सांगितले, पण पत्ते समोर, आणि ओठांवर प्रश्न: हा बटवा होईल का?

“महाराज,” राणी घाईने म्हणाली, “सुईत दोरा ओवायचा आहे. मी सुई धरते.”

राजाने दोऱ्याचे टोक ओले केले. एका हाताने नेम धरला. हुकला. पुन्हा धरला. जीभ दातांत आली. दोरा गेला, तेव्हा त्याला गड जिंकल्याचा आनंद झाला. “आणखी काही काम?” त्याने विचारले. हा प्रश्न पत्त्यांना नव्हता, म्हणून त्याचे काही गेले नाही.

राणी शिवायला बसली. शिंपीण खिडकीत बसून सांगू लागली. “सुलट बाजू आत, उलट बाहेर. टाके तांदळाएवढे. हां, तो गव्हाएवढा झाला. आता वरती नेफा. आता अस्तर. अस्तराच्या तळाला दोन बोटे जागा उघडी ठेव.” राजाने खण धरून ठेवला. दुपार अशी गेली की त्याला पत्त्यांची आठवणही झाली नाही. राणीच्या बोटांना सुई टोचत होती आणि तरी तिला बरे वाटत होते.

पण राजघराण्यांची रीत अशी, की उघडी शिवण म्हणजे गबाळेपणा. राणी लहानपणापासून तेच ऐकत आलेली. हात फिरता फिरता तिने ती दोन बोटेही शिवून टाकली, तीही इतकी सुबक की शिंपिणीलासुद्धा दिसले नाही. दोरा तिथेच संपला. मग बटवा सुलटा करायला घेतला, तर उलटायचा कुठून? चारी बाजूंनी बंद. खणाचे लाल काठ आत, भोंगळ कडा बाहेर.

उन्हे उतरली होती. पत्ते खुसखुसले. राजाचे ओठ पुन्हा हलले, “म्हणजे आता...”

“पुढे बोलू नका,” राणी म्हणाली. “माझी चूक झाली. उसवते.”

नवा दोरा मिळायचा नव्हता. तुटला की संपले. तिने एकेक टाका सुईच्या टोकाने उचलला आणि राजाने सुटणारा दोरा आपल्या बोटावर गुंडाळून घेतला. दोन बोटे जागा मोकळी झाली. राणीने तिच्यातून बोट घालून कोपरा ओढला, आणि अख्खा बटवा गर्रकन सुलटा झाला. जांभळा, लाल काठांचा. त्याच दोऱ्याने तिने ती फट शिवली, तीन केस वळून नाडी केली, तिचे दोन तुकडे नेफ्यात दोन बाजूंनी ओवले. पत्ते आत गेले.

आता नाडी ओढायची. आतून लाडिक आवाज आला, “राजा, एवढेच विचार. नाडी टिकेल ना?”

राजाने हात पुढे केला, पण तो तिथेच अडला. आयुष्यात त्याने न विचारता काही केले नव्हते. तो राणीकडे वळला. “तुला काय वाटते?”

“मला ठाऊक नाही,” राणी म्हणाली.

“मलाही नाही,” राजा म्हणाला. त्याच्याकडे हात एकच होता. एक टोक त्याने धरले, दुसरे राणीने, आणि दोघांनी ओढले.

बटव्याचे तोंड मिटले. आत कुणीतरी लांब जांभई दिली आणि घोरू लागले. राजाचे अंग पुन्हा घट्ट झाले, डावा हात आला, सावली आली, शेला आला, जोडे आले. मिशा सर्वांत शेवटी आल्या, किंचित वाकड्या. शेषविहिरीचा दोरा कामी आला, तशी तिच्या काठावरच्या बेडकांची पुन्हा माणसे झाली आणि शिंपिणीला तिची सुई मिळाली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. प्रधान भेदरलेला, प्रजा रांगेत उभी. शेवटी प्रधानाने हात जोडले. “महाराज, आज काय होणार?”

राजाने मिशीवर हात फिरवला. हे उत्तर त्या राज्यात कोणी कधी ऐकले नव्हते.

“बघू,” राजा म्हणाला.

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. कुणीतरी हळूच तो शब्द बोलून पाहिला, मग दुसऱ्याने, मग साऱ्या दरबाराने. आणि बघू, बघू म्हणत माणसे उठली, कोणी शेताकडे, कोणी मागाकडे, कोणी चुलीकडे. सासू घरी गेली आणि सुनेशी आधी आपणच बोलली.