डोळा नसलेली हरिणी

खाका ज्याच्या पेटीत, चित्र त्याचे. पूर्वी पोतन नगरात अश्मक राजा राज्य करीत असताना चिताऱ्यांच्या आळीत हा नियम होता. तो का, असे विचारायचे नाही, हे मुलांना रंग घोटण्याआधी शिकवले जाई. कातड्यावर सुईने आकृती टोचायची, भोकांतून कोळशाची पूड झाडायची, की खाली चित्र उमटे. त्या कातड्याला खाका म्हणत. त्या काळी बोधिसत्त्व त्याच आळीत सोमा नावाच्या विधवेच्या पोटी मुलगी होऊन जन्मला होता. मुलीचे नाव भद्रिका.

सोमाने मागे वळून पाहणारी एक हरिणी रेखली होती. आळीतल्या वृद्धांनी आपल्या पेटीत ठेवलेला त्या चित्राचा खाका पूरण नावाच्या व्यापारी श्रेष्ठीला विकला. त्याने हस्तिदंताच्या चकत्यांवर हरिणी उमटवून घेतल्या आणि प्रत्येक चकती जगात एकच आहे असे सांगून हौशी धनिकांच्या गळ्यात मारली. सोमाने मात्र आपल्याच दारावर ती काढली, तेव्हा वृद्धांनी येऊन दार खरवडले.

"ती आता तुझी नाही, सोमे," आळीचा मुख्य, ज्येष्ठक, म्हणाला.

सोमाने पुन्हा कुंचला धरला नाही. अंथरूण धरले, आणि त्यातच ती गेली.

पण सोमा खाक्यात डोळा कधीच टोचत नसे; तो ती शेवटी, हाताने काढी. श्रेष्ठीच्या हरिणी आंधळ्याच निघाल्या. गिऱ्हाइके चकत्या परत आणू लागली, तेव्हा वृद्धांनी भद्रिकेला बोलावले. तिचा हात हुबेहूब आईचा होता. डोळे काढ, नाहीतर आळी सोड, असे तिला सांगण्यात आले. आईसारखी दारे रंगवायची हौस असेल तर रानात झाडे पुष्कळ आहेत, असेही कोणी हसत म्हणाले.

"अगं, एवढासा ठिपका," ज्येष्ठकाने समजावले. "त्यापायी घर घालवतेस?"

"एवढासाच आहे ना, आजोबा? मग तुम्ही द्या."

ज्येष्ठकाने कुंचला टेकवला. हरिणीला डोळा आला, नजर आली नाही.

भद्रिका म्हणाली, "ही हरिणी सोमाची, एवढं एकदा म्हणा. आत्ता सगळ्यांना डोळे देते."

वृद्धांनी चकत्या तिच्यापुढे सरकवल्या.

"मग नाही देणार."

ती आळीतून गेली ती परतली नाही. पोतनात सोमाचे नाव पुन्हा कोणी घेतले नाही.

एका तरुण भिक्षुणीची गाथा स्वतःच्या नावावर म्हणणाऱ्या ज्येष्ठ भिक्षूंना ही कथा सांगून, पुढे बुद्धत्वाला पोचलेले शास्ते म्हणाले, "तेव्हाची सोमा ती ही भिक्षुणी, पूरण तो संघात फूट पाडणारा देवदत्त, आणि ते वृद्ध तुम्ही. भद्रिका मी होतो. तिच्या हाती काही उरले नाही, सत्य तेवढे तिने सोडले नाही. ती सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."

भिक्षू मान खाली घालून बसले. गाथा कोणाची, हे तरीही कोणी म्हटले नाही.