शिशाने बुजवलेले कारंजे

हौदखेडची बारादरी पाहायला येणाऱ्यांना ही हकीकत सांगताना मला अलीकडे धास्ती वाटते. पन्नास वर्षांपूर्वी मशिदीच्या ओट्यावर ऐकलेली; त्यातले किती जसेच्या तसे आठवते आणि किती वाचनाने मागाहून चिकटले, कोण जाणे. सरदाराचे नाव यावरबेग होते, एवढे नक्की. बहुतेक नक्की. बारादरीच्या मधोमध दगडी कमळाचे कारंजे आहे, आणि त्याची तोटी शिसे ओतून बुजवलेली आहे. ती का, ते असे सांगतात.

मोहिमांत एक गुडघा कामातून गेलेला यावरबेग साठीला घरी परतला. आता त्याला एकच गोष्ट हवी होती: दुपारी कारंज्यापाशी बसायचे. जन्नतीत बागांखालून नहरी वाहतात, त्याचा लहानसा नमुना मरण्याआधी पाहायचा. तीन वर्षे तो नमुना काही जमेना. पहिल्या उन्हाळ्यात खापरी नळ फुटले. दुसऱ्यात वडाची मुळे आत शिरली. तिसऱ्यात पाणी आले, पण पाकळ्यांवरून लाळेसारखे ओघळले. सरदार रोज तक्क्याला टेकून बसे, रोज चिडून उठे, आणि लाडलेसाब गवंड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

शेवटी लाडलेसाब म्हणाला, डोंगरातल्या झऱ्याचे पाणी वाटेत मशिदीच्या हौदात पडते, तिथेच जोर सरतो. ते तोंड बंद करावे लागेल. यावरबेगने हो म्हटले. तोंड बंद झाले, आणि कारंजे पुरुषभर उंच उडाले.

तो शुक्रवार होता. सरदार लंगडत नमाजला गेला, तर हौद कोरडा. गावातल्या विणकरांचे म्हातारे मातीवर हात टेकून तोंडावर फिरवत होते. पाणी नसेल तेव्हा अशीच शुद्धी करायची असते. त्यांतल्या बुढनमियाँने मान वर केली.

"सरदारसाहेब, कारंजं झकास उडतंय. इथून दिसतं आम्हाला."

झरा आपल्या जहागिरीतला आहे, नळ आपण घातलेत, तीन वर्षे वाट पाहिली आहे, असे यावरबेगने त्याला ऐकवले.

"खरं आहे. आमची तक्रार नाही, मातीनंही नमाज होते." बुढनमियाँने हात झटकले. "एवढंच, की तिथल्या नहरी म्हणे कुणाच्या तोंडचं पाणी तोडून आणलेल्या नाहीत."

घरी येऊन सरदार कारंज्यापाशी बसला. अंगावर गार तुषार येत होते आणि त्याला संताप येत होता. म्हाताऱ्याचा, गवंड्याचा, स्वतःचा. म्हणे, अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, अजानपर्यंत तो अल्लाशी हुज्जत घालत राहिला. दारू मागितली नाही, नाच मागितला नाही, नुसते पाणी मागितले. एवढेसे सुखही का सलावे? पण कारंजे त्याच्याबरोबर कबरीत येणार नव्हते. हौदावरची ती मातीने माखलेली तोंडे मात्र कयामतीला साक्षीला उभी राहणार होती.

त्याने लाडलेसाबला बोलावले: हौद मोकळा कर, तोटीत शिसे ओत.

"हुजूर, तीन वर्षं गुडघाभर चिखलात उभा राहिलोय मी," गवंडी म्हणाला. "नुसता फडक्याचा बोळा कोंबतो. मन बदललं तर काढता येईल."

"म्हणूनच शिसं. माझं मन उद्या दुपारीच बदलेल."

त्याला शांती लाभली, असे मात्र कुणी सांगत नाही. मरेपर्यंत तो दर दुपारी त्या कोरड्या कमळापाशी बसे आणि उकाड्याला शिव्या घाली.

आजही हौदखेडचा हौद साफ करताना पाण्याचे तोंड बंद करत नाहीत. वाहत्या पाण्यात उभे राहूनच शेवाळ खरवडतात. पाहुण्यांतला एखादा शहाणा दरवेळी म्हणतोच, की कारंजे कधी उडालेच नसेल, गवंड्याची चूक झाकायला ही गोष्ट रचली असेल. पूर्वी ते ऐकून घरी परतताना मला वाटायचे, आपणच इतकी वर्षे थापा मारत आलो की काय. पुढे बऱ्याच वर्षांनी एका निवृत्त मोजणीदाराला सोबत नेऊन उतार मोजून घेतला. झऱ्याचे मुख तोटीपेक्षा नऊ हात उंच आहे, म्हणजे पाणी पुरुषभर उडण्याइतका जोर त्यात होता. लाडलेसाबचे काम चोख होते.