दाराबाहेरचा साहेब

कोलकात्यात भादुडीबाबू नावाचे एक म्हातारे अनुवादक होते. मोठे विद्वान, पण स्वतःच्याच प्रत्येक शब्दावर संशय घेणारे. एकदा त्यांनी जुन्या बाजारातून एका मेलेल्या इंग्रज साहेबाचा शब्दकोश आणला आणि कोशामागोमाग साहेबही घरात आला.

भर दुपारी खोली एकाएकी गारठली. समोरच्या खुर्चीत साहेब बसला होता. पायांच्या जागी नुसतं धुकं.

"'प्रायव्हसी'ला बंगाली शब्द सांग. चुकलास तर तुझी वाचा माझी. दोन पंडित आधीच मुके केलेत मी!"

भादुडीबाबूंनी मनातल्या मनात शब्द धुंडाळले. सुचेल तो शब्द त्यांना खोटा वाटू लागला.

"साहेब, आधी अर्थ तरी सांगा," ते चाचरत म्हणाले.

"अडाणी! कुणाच्या खोलीत विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आम्ही मेल्यावरही हा नियम मोडत नाही."

"मग आपण आत कसे आलात?"

साहेब ओशाळला. उठून बाहेर गेला, दार लोटून घेतलं. मग टकटक झाली.

"आत येऊ?"

"नको, साहेब. अजून शब्द सुचला नाही."

आजही भर दुपारी दाराखालून गारवा येतो, टकटक होते. भादुडीबाबू "नको" म्हणतात, आणि त्या एका शब्दाबद्दल मात्र त्यांना कधीच शंका येत नाही.