पैलवानाची शीर

"ते सगळं खरं वस्ताद, पण शीर पुन्हा बुजणार का न्हाई? तेवढं एक सांगा."

 दस्तगीर वस्ताद तालमीच्या हौद्यात उभे राहून खोऱ्यानं लाल माती ओढत होते. संध्याकाळी पोरं माती तुडवून जायची, रात्रीत ती बसून घट्ट व्हायची, आणि सकाळी वस्ताद ती मोकळी करायचे. वय ऐंशीच्या पुढं गेलं तरी हे काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं.

विचारणारे हिंदुराव मोरबाळे हौद्याच्या कट्ट्यावर बसले होते. याच मातीत घडलेले पैलवान. एके काळी पंचक्रोशीत त्यांची पाठ कुणी टेकवली नव्हती. आता साठी उलटली होती, दारात ट्रक उभे होते आणि पोट ट्रकांच्याही पुढं उभं होतं. उजवा पाय त्यांनी समोर लांब केला होता, आणि पायाखाली घरून आणलेली उशी होती.

मांडीतली शीर तुंबली म्हणून डॉक्टरांनी तिच्यात स्टेंट बसवला होता, म्हणजे शीर उघडी धरणारी जाळीची नळी. तेव्हापासून हिंदुराव जातील तिथं ती उशी जायची.

"रक्ताचे रिपोर्ट आणल्यात," हिंदुराव पिशवीतून कागद काढत म्हणाले. "सीआरपी, फायब्रिनोजेन, आणि पांढऱ्या पेशींचं कायतरी. सगळं चढलंय."

"चढलंय म्हंजे चांगलं का वाईट?"

हिंदुराव ओशाळले. "पयल्यांदा मला बी चांगलंच वाटलं हुतं."

त्यांचा तरी काय दोष? वजन मोठं, छाती मोठी, गदा मोठी, असंच ते जन्मभर मोजत आले होते. रिपोर्टवर आपला आकडा शेजारी छापलेल्या आकड्याहून मोठा दिसला, तेव्हा त्यांनी दवाखान्यातच मिशीवरून हात फिरवला. डॉक्टरीणबाईंना मग बराच वेळ समजावावं लागलं.

"बाई म्हणाल्या, ह्यो आकडा अंगातली सूज दाखवतो आणि ह्यो रक्त गोठायची ओढ. ज्यांचं असं चढतं, त्यांची शीर पुन्हा अरुंद व्हायचा धोका जास्त."

"म्हंजे होतीच?"

"न्हाई. कुणाची होती, कुणाची न्हाई. एकट्या माणसाचं ठाम सांगता येत न्हाई म्हणाल्या." हिंदुरावांचा आवाज चढला. "म्हंजे काय वस्ताद? एवढं रक्त काढायचं आणि ठाम सांगायचं न्हाई? मग मी दुसऱ्या लॅबमधी गेलो. तिथनं तिसऱ्या."

खोरं थांबलं.

"कशापायी?"

"म्हटलं, कुठंतरी कमी यील..."

वस्तादांनी आधी नुसतं बघितलं. मग खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून ते हसायला लागले. डोळे पुसले आणि पुन्हा हसले.

"जत्रंच्या मैदानाला बी असंच केलंतंस, हिंद्या. गटापरीस वजन जादा भरलं म्हणून गुळाच्या काट्यावर गेलास. तिथनं कापसाच्या काट्यावर."

"तिथं बी जादाच भरलं."

"काटा बदलून वजन घटतंय व्हय रं?"

हिंदुरावांनाही हसू आलं, पण टिकलं नाही. रिपोर्टची त्यांनी घडी घातली, उलगडली, परत घातली.

वस्ताद पुन्हा माती ओढू लागले.

"कुस्तीची जोड लावताना समोरच्याचं वजन इचारायचास. कशाला?"

"कसल्या गड्याशी गाठ हाय ते कळावं म्हणून."

"त्यात निकाल कळायचा?"

"निकाल कसा कळंल? कुस्ती व्हायची असती की अजून."

"गडी वजनदार निघाला तर काय करायचास?"

"मेहनत वाढवायचो."

"आणि हलका निघाला तर?"

हिंदुराव उत्तर द्यायला गेले आणि अडखळले. "मेहनत तर... करायलाच लागायची. न्हाईतर तुम्ही काठी घिऊन उभंच की."

वस्तादांनी मातीचं एक ढेकूळ फोडलं.

"बाईंनी काय मेहनत सांगितलीया?"

"गोळ्या घेतो, एक चुकवत न्हाई. साखर सांभाळतो. आणि चालायचं रोज. पोटरी धरली की थांबायचं, कळ गेली की पुन्हा चालायचं."

"चालतोस?"

हिंदुरावांनी उशी जरा नीट केली.

"चालतीया ती उशी," वस्ताद म्हणाले.

"भ्या वाटतंय वस्ताद!" हिंदुराव एकदम बोलून गेले. "थोरल्या भावाचा पाय असाच गेला... गुडघ्याखाली. मी बघितलंय ते. आता पोटरीत जरा लागलं की वाटतंय, बुजली. संपलं. म्हणून हलवतच न्हाई. जपून ठेवलाय पाय."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. मैदानात कधी डोळ्याला पाणी आणलं नव्हतं. पण वस्तादांपासून लपवायचं काय?

तसं एक लपवलं होतं.

वस्तादांनी खोरं बाजूला ठेवलं. कट्ट्याजवळ आले आणि मातीचा हात पुढं केला.

"काय?"

हात तसाच.

"काय पायजे वस्ताद?"

हात तसाच...

हिंदुरावांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून सिगारेटचं पाकीट काढून त्या हातावर ठेवलं. मान खाली घातली. ट्रकांचा मालक तेवढ्या वेळेपुरता पुन्हा सोळा वर्षांचा झाला.

"कसं वळखलं?"

"बडीशेप चघळत आलास. उभ्या जन्मात तू बडीशेप खाल्लीस का कवा?"

वस्तादांनी पाकीट कमरेला खोचलं. "मला चितपट करशील त्या दिशी परत दीन. आता बूट घाल. हौद्याभवती चाल."

"मी?"

"मग काय उशीला सांगतोय?"

हिंदुरावांनी बूट घातले. कट्ट्याला हात लावत, चोरपावलानं ते निघाले. आत वस्ताद माती ओढत होते, बाहेर हिंदुराव फिरत होते. भिंतीवरचा मारुती दोघांकडं बघत होता.

काही फेऱ्या झाल्या आणि पोटरीनं धरलं. हिंदुराव जागीच थिजले. तोंड उतरलं.

"वस्ताद... आली."

वस्तादही थांबले. घाबरले नाहीत, धीरही दिला नाही. खोऱ्यावर रेलून आढ्याकडं बघत उभे राहिले.

हिंदुराव पोटरी धरून उभे. वस्ताद दांडा धरून उभे.

"गेली?"

"...गेली."

खोरं चाललं. हिंदुराव चालले.

पुन्हा धरलं, पुन्हा थांबले. खोरंही थांबलं. वस्तादांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "बरं झालं थांबलास. मी बी दमलोच हुतो." हे खरं की खोटं, ते हिंदुरावांना कळलं नाही, पण त्यांना फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत त्यांच्यासाठी सगळे धावले होते. त्यांच्याबरोबर थांबलं मात्र कुणी नव्हतं.

मग चालता चालता जुन्या कुस्त्या निघाल्या. गुळाचा काटा निघाला. हिंदुराव इतके हसले की पोट धरून उभे राहिले.

"पोटरी?" वस्तादांनी विचारलं.

"न्हाई, पोट!"

हौद्यातली माती मोकळी झाली तेव्हा हिंदुरावांचा सदरा घामानं भिजला होता. त्यांनी कट्ट्यावर बघितलं. उशीवर वस्ताद बसले होते.

"मऊ हाय," वस्ताद म्हणाले. "ऱ्हाऊ दे इथंच."

हिंदुरावांनी रिपोर्टची पिशवी उचलली. दारापर्यंत गेले. तिथं थांबले, पण या वेळी पोटरीसाठी नाही.

"वस्ताद, उद्यापासनं रोज चालतो. सिगरेट सोडली. बाई म्हणतील तवाच रक्त देतो, दुसरा काटा शोधत न्हाई. पर हे सगळं करूनबी... शीर पुन्हा बुजली तर?"

वस्तादांनी हौद्याकडं बघितलं. माती भुसभुशीत होऊन पडली होती, नुकत्याच चाळलेल्या पिठासारखी.

"उद्या चालत ये, हिंद्या. माती पुन्हा बसलेली असंल, मोकळी करायची हाय."