घटपर्णीच्या घरची पाहुणी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा झाडंसुद्धा शेजारणींशी भांडायची.

एका दमट डोंगरात एक घटपर्णी राहायची. घटपर्णी म्हणजे पानाच्या टोकाला घडा लटकवणारी वेल. घड्याच्या काठावर मध, तळाशी पाणी. मधाला भुललेली माशी घसरून आत पडली, की वेलीचं जेवण झालं. तिथल्या मातीत कसच नव्हता, तेव्हा पोट भरायचं ते असंच.

पण आपल्या घटपर्णीचा मध बेताचाच. माश्या सगळ्या शेजारणीच्या लालबुंद घड्यांवर. हिची पानं पिवळी पडली, नवा घडा धरेना. बिचारी रडकुंडीला आली.

एका सकाळी पिल्लू छातीशी धरून एक पाकोळी आली. अंगठ्याएवढं वटवाघूळच ते. तिच्या ढोलीचं झाड उन्मळलं होतं आणि वर ससाणा घिरट्या घालत होता.

"दिवसापुरता आसरा देतेस का, बाई? की खाशील आम्हाला?"

दोन घास आपल्या पायांनी दारात आले होते. घटपर्णीचं मन क्षणभर चळलंच, खोटं कशाला बोला! मग ती म्हणाली, "भूक तर आहे गं. पण विचारून येणाऱ्याला कुणी खातं का? ये. फक्त वरच धरून बस, पाण्यात घसरू नकोस."

शेजारीण फिदीफिदी हसली. म्हणाली, हा दुष्काळात तेरावा महिना. दार अडलं, आता हिच्या घड्यात डासही पडायचा नाही.

पाकोळी राहिली ती राहिलीच. संध्याकाळी चरायला जायची, उजाडता परत यायची. महिन्याभराने शेजारणीने चारचौघींत तिचं उणं काढलं, की ही पाहुणी यजमानिणीच्या पाण्यातच शी करते. पाकोळी शरमेने अर्धी झाली. पिल्लू उचलून निघालीच.

"थांब गं," घटपर्णी पोट धरधरून हसत म्हणाली, "आधी माझी पानं तर बघ."

पानं हिरवीगार झाली होती. पाकोळी रानभर फिरून शेकडो किडे खायची आणि त्यांचं सगळं सार या घड्यात पडायचं. तेच घटपर्णीचं खत, तेच पंचपक्वान्न! टोकाला नवा घडाही धरला होता, पहिल्यापेक्षा उंच. तो तिने पिल्लासाठी राखून ठेवला.

आणि शेजारीण? तिने त्याच संध्याकाळी पाकोळीला हळूच विचारलं म्हणे, तुला एखादी बहीण आहे का?

भुकेल्या पोटीही जो दार उघडं ठेवतो, त्याचं ताट रिकामं राहत नाही.